सेकंडहँड सर्व्हर सुरू होत नाही, तेव्हा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे. बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसूनच वाचत असाल, तर आधी शेवटची यादी बघा आणि मग वर या.)



तुमच्याकडून सारखा येणारा एक प्रश्न आज घेऊ या. सेकंडहँड सर्व्हर घेतला, घरी आणला, बटण दाबलं. पंखे विमानासारखे ओरडले, पाच मिनिटं पडद्यावर अक्षरं सरकली आणि शेवटी एकच ओळ आली, 'नो बूट डिव्हाइस'. किंवा इंस्टॉलर सुरू झाला, पण त्याला एकही डिस्क दिसत नाही. आता काय करायचं?

मी हा विषय बरेच दिवस टाळत होतो, कारण याला एक उत्तर नसतं. पण मध्यंतरी मी स्वतःच अशा एका मशीनसमोर तीन शनिवार-रविवार घालवले. त्यात एका रात्री माझ्या हातून जवळजवळ एक मोठा अपराध होणार होता. तर ती सगळी हकीकतच सांगतो, तांत्रिक भाग तिच्यातच येईल.

गोष्ट कुठून सुरू झाली

माझ्या एका मित्राचा कराडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो. २०११ पासूनचं सगळं काम एका टॉवर सर्व्हरवर होतं. त्यात एक-एक टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये जोडलेल्या. उन्हाळ्यात त्या मशीनचा मदरबोर्ड गेला. डिस्क शाबूत होत्या, पण मशीन मेलं. बॅकअप होता, पण तीन वर्षांपूर्वीचा.

तुम्ही म्हणाल, जुने फोटो आहेत, गिऱ्हाईक पैसे देऊन अल्बम घेऊन गेलंय, आता काय अडलंय? मीही तेच म्हणालो. तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, गावात कोणी गेलं ना, की दुसऱ्या दिवशी घरातला एखादा पोरगा दुकानात येतो. 'दादा, ताईच्या लग्नात वडिलांचा फेट्यातला फोटो काढला होता, तो मोठा करून पाहिजे.' भिंतीवर हार घालून लावायला. त्याला मी काय सांगू, मदरबोर्ड गेला म्हणून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रेड ५ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. माहिती पट्ट्यापट्ट्यांनी चारही डिस्कवर वाटलेली असते आणि प्रत्येक पट्ट्याबरोबर एक हिशेब लिहिलेला असतो, ज्याला पॅरिटी म्हणतात. चारातली एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर काढता येतो. पण सुटी एक डिस्क नेहमीच्या कॉम्प्युटरला जोडली तर काहीच मिळत नाही. मांडणी समजणारं कार्ड लागतं, किंवा ती मांडणी समजणारं सॉफ्टवेअर.

जुन्या टॉवरमधलं रेड कार्ड एलएसआयच्या २१०८ चिपचं होतं. म्हणून आम्ही त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचं, म्हणजे २२०८ चिपचं कार्ड असलेला सर्व्हर शोधला. नवं कार्ड जुन्याची मांडणी वाचतं, उलटं मात्र गृहीत धरू नका. जाता जाता एक उपयोगी गोष्ट: एलएसआय कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं. त्यामुळे या कार्डांची माहितीपत्रकं आणि फर्मवेअर शोधताना तीनही नावांनी शोधा.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मशीन मिळालं. कंपन्यांनी काढून टाकलेला माल घेणारा माणूस. रॅकमध्ये बसणारा दोन-यू सर्व्हर, आठ डिस्कची जागा, इंटेलच्या झिऑन ई५-२६०० मालिकेचे दोन प्रोसेसर. ही मालिका मार्च २०१२ मधली, म्हणजे वयाने आमच्या स्टुडिओच्या फोटोंइतकीच. ट्रान्सपोर्टने कराडला आलं.

जुनं मशीन आठवणी घेऊन येतं

आजच्या भागातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. सेकंडहँड सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा आपण पहिल्यांदा म्हणतो, "खराब माल गळ्यात मारला." कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा मशीन धडधाकट असतं, फक्त ते अजून जुन्या मालकाकडेच नोकरी करत असतं. त्याला जुन्या डिस्क हव्या असतात, जुनी सिस्टीम हवी असते.

या आठवणी तीन ठिकाणी असतात. मदरबोर्डवर, स्टोरेज कार्डवर आणि डिस्कवर. कुठली आठवण आड येतेय हे ओळखलं की अर्धं काम झालं. आणि कुठली आठवण पुसायची, कुठली जिवापाड सांभाळायची, हे ओळखणं हे उरलेलं अर्धं.

मदरबोर्ड

पहिल्या शनिवारी मशीन टेबलावर घेतलं. सगळ्यात आधी स्टुडिओच्या डिस्क मी लांब कपाटात ठेवायला लावल्या. मशीनवर भरवसा बसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, चारही डिस्कवर एक ते चार असे स्टिकर लावले आणि जुन्या मशीनमधल्या जागांचा फोटो काढून ठेवला. तसा प्रत्येक डिस्कवर तिचा स्वतःचा परिचय लिहिलेला असतो आणि कार्ड क्रम बदलला तरी ओळखतं. पण त्याच्यावर विसंबायचं कशाला?

बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर काही नाही. झाकण काढलं. ट्रान्सपोर्टमध्ये हादरे बसलेल्या मशीनचा पहिला उपाय तोच असतो: सगळं उपसून परत नीट बसवायचं. आम्ही दुसरा प्रोसेसर तसाच ठेवला, पण मेमरीच्या पट्ट्या काढून फक्त एक ठेवली. चालू झालं. मग एकेक पट्टी वाढवत गेलो. एक नीट बसलेली नव्हती, एवढंच होतं. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि परत बंद पडलं की पुन्हा शून्यापासून.

अशा सर्व्हरमध्ये देखरेखीचा एक वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो, बीएमसी म्हणतात. त्याच्याकडे घटनांची नोंदवही असते. ती पुसण्याआधी वाचा. आमच्या वहीत एका पॉवर सप्लायच्या जुन्या तक्रारी होत्या. मेमरीबद्दल एकही नव्हती. म्हणजे मेमरी प्रवासात हलली, आधीपासून आजारी नव्हती, हे तिथे कळलं.

मग बूटचा क्रम. यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये मदरबोर्डवर बूटच्या नोंदी साठवलेल्या असतात. आमच्या यादीत सगळ्यात वर जुन्या मालकाच्या विंडोजची नोंद होती, आणि ती डिस्क अर्थातच मशीनमध्ये नव्हती. लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर नावाची कमांड या नोंदी दाखवते आणि नको ती काढूनही टाकते. ही आठवण बिनधास्त पुसा.

एक छोटी एसएसडी आम्ही डीव्हीडी ड्राइव्हच्या साटा जोडणीवर लावली आणि तिच्यावर डेबियन टाकलं. सिस्टीम वेगळ्या डिस्कवर, फोटो वेगळ्या डिस्कवर. सुरू झालं, चहा झाला, रात्री भिंतीवरचा स्विच बंद करून झोपलो.

सकाळी परत 'नो बूट डिव्हाइस'.

इथे माझा एक तास गेला. एसएसडी बदलली, केबल बदलली. शेवटी सेटिंगमध्ये गेलो तर घड्याळ कित्येक वर्षं मागे, आणि बूटची पद्धत यूईएफआयवरून जुन्या बायॉसवर गेलेली. सिस्टीम एका पद्धतीने टाकलेली, मशीन दुसऱ्या पद्धतीने शोधतंय. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. सगळ्याच मशीनमध्ये सेटिंग त्या सेलवर अवलंबून नसतात, पण या मशीनमध्ये होत्या. रुपयाच्या नाण्याएवढा सेल, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला.

त्यावरून दोन नियम. एक, सेकंडहँड मशीन आलं की तो सेल आधी बदला, चालू असला तरी. दोन, डेबियन टाकताना बूटलोडर 'रिमूव्हेबल मीडिया पाथ'वरही ठेवू का, असा प्रश्न येतो तिथे हो म्हणा. मग मदरबोर्ड सगळं विसरला, तरी ठरलेल्या जागी फाइल सापडते आणि मशीन उठतं. आमच्याकडे वीज सांगून जात नाही, त्यामुळे याला महत्त्व आहे.

कार्ड

आता रेड कार्ड. रिकाम्या जागांनिशी मशीन चालू केलं तर कार्डाने पहिलाच संदेश दिला. त्याचा मतलब असा: तुमच्या आधीच्या रचनेतल्या सगळ्या डिस्क गायब आहेत, हे अनपेक्षित असेल तर मशीन बंद करा आणि केबल तपासा. पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण कार्ड जुन्या मालकाच्या डिस्कबद्दल बोलतंय. आपलं काही गेलेलं नाही.

दुसरा संदेश, जपून ठेवलेल्या कॅशचा. कार्डावर थोडी मेमरी असते. डिस्कवर जायची माहिती आधी तिथे थांबते. काही कार्डांवर ती वीज गेल्यावर फ्लॅशमध्ये उतरते आणि महिनोन् महिने राहते. म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या शेवटच्या काही नोंदी, ज्यांना जायला डिस्कच उरली नाही, त्या आमच्या टेबलावर येऊन बसल्या होत्या. जोवर त्या आहेत, तोवर कार्ड नवी रचना करू देत नाही. बरेच लोक इथे अडकतात आणि कार्ड खराब म्हणून टाकून देतात. सेटिंगमध्ये जाऊन ती कॅश टाकून द्या म्हटलं की मोकळं. टाकून दिली.

तिसरा संदेश, बॅटरी मेल्याचा. कार्डाची बॅटरी काही वर्षांत संपतेच. ती नसली तर कार्ड साधारणपणे 'राइट-थ्रू' पद्धतीने चालतं, म्हणजे माहिती कॅशमध्ये न थांबता सरळ डिस्कवर. मशीन चालतं, फक्त लिहिण्याचा वेग पडतो. "सर्व्हर घेतला पण पेनड्राइव्हपेक्षा मंद चालतोय" अशी तक्रार असेल तर आधी बॅटरी बघा. आणि बॅटरी नसताना जबरदस्तीने कॅश चालू करू नका. वेग मिळेल, पण वीज गेली की कॅशमधलं सगळं गेलं.

गंमत अशी, की मित्राच्या जुन्या टॉवरमधल्या कार्डाचीही बॅटरी कधीच मेलेली होती. तो वर्षभर तक्रार करत होता की फोटो कॉपी व्हायला वेळ लागतो. पण त्यामुळेच मदरबोर्ड गेला तेव्हा कार्डावर काहीही लटकलेलं नव्हतं. सगळं डिस्कवर उतरलेलं होतं.

मग आम्ही दोन साध्या, रिकाम्या डिस्क घेऊन आठही जागा तपासल्या. शून्य ते तीन या जागांवर दिसतात, चार ते सात जागांवर दिसत नाहीत. अशी बरोबर चाराची भानगड दिसली की डिस्कवर संशय घेऊ नका. कार्डावरून बॅकप्लेनला जाणाऱ्या मिनी-सॅस केबलमध्ये चार मार्ग असतात, एक केबल म्हणजे चार डिस्क. खात्री करायला दोन्ही केबलची अदलाबदल केली. दोष शून्य ते तीनवर सरकला. म्हणजे बॅकप्लेन ठीक, कार्ड ठीक, केबल सैल किंवा खराब. परत घट्ट बसवून उपयोग झाला नाही, म्हणून नवी मागवली. दुपारची जेवणं झाली आणि मी पुण्याला परत आलो.

डिस्क, आणि ती रात्र

पुढच्या शनिवारी केबल घेऊन गेलो. रिकाम्या डिस्क आठही जागांवर चालल्या. मशीनवर भरवसा बसला. रात्रीचे अकरा वाजले होते, रविवारी दुपारी मला निघायचं होतं. मी म्हटलं, लावू या आता.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं.

चारही डिस्क बसवल्या. मशीन चालू. कार्डाने डिस्क मोजल्या आणि संदेश दिला, 'फॉरेन कॉन्फिगरेशन' सापडलं आहे. मी कार्डाच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे दोन पर्याय: इम्पोर्ट आणि क्लिअर.

आता माझी अवस्था समजून घ्या. दोन शनिवार मी काय करत होतो? जुन्या मालकाच्या आठवणी पुसत होतो. बूटच्या नोंदी पुसल्या, कॅश टाकून दिली, जुनी रचना काढली. प्रत्येक वेळी पुसलं की मशीन सुधारत होतं. हाताला सवय लागली होती. 'फॉरेन' वाचलं आणि डोक्यात आलं: परकं, म्हणजे त्या कंपनीचं, काढून टाक. माझा कर्सर 'क्लिअर'वर होता.

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "भावजी, फॉरेन म्हणजे काय हो?"

मी सांगायला तोंड उघडलं, "म्हणजे जुन्या मालकाचं..." आणि थांबलो. कारण जुन्या मालकाची एकही डिस्क मशीनमध्ये नव्हती. होत्या त्या एक ते चार स्टिकरवाल्या. फॉरेन म्हणजे परकं खरं, पण कोणाला परकं? कार्डाला. कार्डाच्या दृष्टीने त्याने स्वतः न बांधलेली प्रत्येक रचना परकी. आमच्या दृष्टीने तीच तर आमची होती.

मी काहीही न दाबता मशीन बंद केलं. मित्राने विचारलं, काय झालं? म्हटलं, उद्या सांगतो. हात थरथरत होते हे मान्य करायला हरकत नाही.

'क्लिअर' दाबलं असतं तर फोटो तत्क्षणी पुसले गेले असते का? नाही. प्रत्येक डिस्कच्या अगदी शेवटी रचनेची माहिती असते: कितवी डिस्क, कुठला रेड, पट्टा केवढा. या लिखाणाला डीडीएफ नावाचं प्रमाण आहे आणि ही कार्डं तेच वापरतात. 'क्लिअर'ने हा नकाशा जातो, माल तिथेच राहतो. तो नकाशा डोक्याने परत काढता येतो, पण ते किचकट काम आहे. खरा घात पुढे होतो. नकाशा गेला की कार्ड म्हणतं, चार रिकाम्या डिस्क आहेत, नवी रचना करा. आपण करतो. मग ते विचारतं, इनिशियलाइज करू? झटपटवालं इनिशियलाइजसुद्धा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरतं, आणि पूर्णवालं तर सगळंच. दोन-तीन वेळा 'हो' म्हणायची सवय, एवढ्यावर चौदा-पंधरा वर्षांचं काम गेलं असतं.

आधी नक्कल

तिसऱ्या शनिवारी मी ते काम केलं, जे आधी करायला हवं होतं. ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही, त्यांची आधी जशीच्या तशी नक्कल घ्यायची, मग बाकीचं.

त्यासाठी रेड कार्ड बाजूला ठेवलं आणि साधं एचबीए कार्ड घेतलं, एलएसआयच्या २००८ चिपचं, 'आयटी मोड'चं फर्मवेअर टाकलेलं. या कार्डाला रेड वगैरे काही कळत नाही. समोर डिस्क आहे, ती जशी आहे तशी सिस्टीमला दाखवायची, एवढंच त्याचं काम. म्हणूनच ते इथे सुरक्षित. सेकंडहँड घेताना मात्र त्याहून जुन्या १०६८ चिपची कार्डं स्वस्त मिळतात, ती घेऊ नका. त्यांना दोन टीबीच्या पुढचं दिसत नाही.

आठव्या जागेत सहा टीबीची नवी डिस्क लावली. चारही जुन्या डिस्क आधी लिनक्समध्ये फक्त-वाचनीय केल्या. मग डीडीरेस्क्यू नावाचं साधन. ते साध्या कॉपीसारखं अडखळून थांबत नाही. वाचता येईल तेवढं आधी उचलतं, खराब जागांची टिपणं ठेवतं आणि नंतर परत परत प्रयत्न करतं. एकेका डिस्कला दोन-अडीच तास. यूएसबीवरून केलं असतं तर, या वयाच्या सर्व्हरला यूएसबी २ असल्यामुळे, एकेकीला आठ तास लागले असते. म्हणून आतल्या जागेत.

पहिली, दुसरी, चौथी डिस्क सरळ उतरल्या. तिसरीवर काही सेक्टर वाचले जाईनात. पुढच्या फेऱ्यांमध्ये बरेचसे आले, मोजके राहिले. म्हणजे घाईघाईत सगळं सुरू केलं असतं आणि भर कामात ती डिस्क बसली असती, तर रेड ५ चा सगळा भार उरलेल्या तीन म्हाताऱ्या डिस्कवर. त्यातली आणखी एक बसली की संपलं.

नकला झाल्यावर एमडीएडीएमच्या तपासणीच्या कमांडने त्या फाइली बघितल्या. लिनक्सला डीडीएफ वाचता येतं. रेड ५, चार डिस्क, ६४ केबीचा पट्टा, क्रम वहिनींच्या स्टिकरप्रमाणेच. हे कागदावर लिहून ठेवलं. आता नकाशाची प्रतही आमच्याकडे होती.

मग रेड कार्ड परत बसवलं, मूळ डिस्क लावल्या. तोच संदेश. या वेळी मी मोठ्याने वाचला, वहिनींनी पर्याय वाचला, मित्राने 'इम्पोर्ट' दाबलं. काही सेकंदांत कार्डाने सांगितलं, एक व्हर्च्युअल ड्राइव्ह, स्थिती ऑप्टिमल. लिनक्समध्ये ती फक्त-वाचनीय म्हणून जोडली. वर्षांची फोल्डरं एकाखाली एक उभी राहिली. २०११, २०१२, अशी थेट यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत.

मित्राने पहिलं कुठलं फोल्डर उघडलं? गिऱ्हाइकाचं नाही. त्याच्या आईच्या साठीचं. कोणी काही बोललं नाही. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

पुढची व्यवस्था, आणि दोन राहिलेले घोळ

फोटो आधी सहा टीबीच्या डिस्कवरच्या मोकळ्या जागेत न टाकता आणखी एका नव्या डिस्कवर उतरवले. मग एचबीए कार्ड कायमचं बसवलं आणि दोन नव्या डिस्कचा झेडएफएस आरसा केला. पुढे कधी हे मशीन मेलं तर डिस्क काढून कुठल्याही लिनक्स मशीनला लावता येतील, ठरावीक कार्ड शोधत फिरायला नको. झेडएफएसला रेड कार्ड मध्ये नसलेलंच बरं.

घोळ पहिला. मशीनबरोबर फुकट आलेल्या दोन सॅस डिस्क. कार्डाला दिसतात, लिनक्सला वापरता येत नाहीत. नोंदींत ओळ होती, सेक्टरचा आकार ५२० चालणार नाही. मोठ्या स्टोरेज यंत्रांतून काढलेल्या डिस्कचा सेक्टर पुष्कळदा ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो, जादाचे आठ बाइट त्या यंत्राच्या तपासणीसाठी. एसजी फॉरमॅट नावाच्या साधनाने त्या ५१२ वर आणता येतात. डिस्क पूर्ण पुसली जाते, काही तास लागतात आणि मध्ये वीज जाऊ द्यायची नाही. यूपीएसवर केलं. दोन्ही चालल्या.

घोळ दुसरा. मित्राला वाटलं, सिस्टीम एनव्हीएमई एसएसडीवर टाकू, अडॉप्टर लावून. लिनक्सला ती छान दिसली, सिस्टीम टाकूनही झाली, पण बूट काही होईना. कारण त्या काळच्या मदरबोर्डच्या फर्मवेअरला एनव्हीएमई ही भाषाच येत नाही. सिस्टीम उठल्यावर तिला दिसते, पण उठवायची कोणी? म्हणून बूटचा भाग साटा एसएसडीवरच ठेवला. हाच प्रकार आयटी मोडच्या कार्डाचाही होतो. त्यावर बूट रॉम टाकलेला नसेल तर त्याच्या डिस्कवरून मशीन उठत नाही. डिस्क दिसणं आणि डिस्कवरून बूट होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेचंही बोलू. असा सर्व्हर रिकामा बसला तरी शंभर वॉटच्या आसपास खातो. म्हणजे महिन्याला ७२ युनिट, नुसतं बसून. स्टुडिओत तो आता दिवसाच चालतो.

यादी

सर्व्हरसमोर बसलेल्यांसाठी थोडक्यात.

१. ज्या डिस्कची प्रत नाही, ती मशीनपासून लांब ठेवा. आधी रिकाम्या डिस्कने मशीन तपासा.

२. सीआर२०३२ सेल बदला, तारीख बघा, बूटची पद्धत एकच ठरवा.

३. नोंदवही वाचा, मग पुसा.

४. चाराच्या गटाने डिस्क गायब असतील तर केबल.

५. डिस्क कार्डाला दिसते पण सिस्टीमला दिसत नाही, तर सेक्टरचा आकार, नाहीतर ड्रायव्हर. काही एंटरप्राइज लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांनी जुन्या चिपांचा आधार काढला आहे. डेबियनने बघा.

६. सेकंडहँड डिस्कची स्मार्टसीटीएलने तपासणी करा: चाललेले तास, बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर.

७. एका वेळी एकच बदल. आणि तो वहीत लिहा.

८. 'फॉरेन' दिसलं की हात मागे. आधी नक्कल, मग इम्पोर्ट. 'क्लिअर' आणि 'इनिशियलाइज' हे शब्द रात्री अकरानंतर दाबायचे नाहीत.

आणि शेवटचं, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. स्टुडिओच्या फोटोंची एक प्रत आता दर रविवारी मित्राच्या भावाच्या घरी जाते. महिन्यातून एकदा वहिनी त्यातलं कुठलंही एक फोल्डर उघडून बघतात. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनीच ठरवलंय.

माझ्याकडून त्या रात्री चूक झाली नाही, कारण कोणीतरी साधा प्रश्न विचारला. तुम्ही असं काही करायला बसाल, तेव्हा तांत्रिक न कळणारं एखादं माणूस शेजारी बसवा, आणि पडद्यावर काय आहे ते त्याला समजावून सांगा. सांगता आलं नाही, तर बटण दाबू नका.

तुमच्या सर्व्हरच्या हकीकती नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.